पायाखालची जाळी

“अर्ध्या इंचाची जाळी हाय. लेंड्या खाली पडतील, मूत खाली जाईल, ससा वर कोरडा,” रंगनाथ लोहार म्हणाले आणि त्यांनी पिंजऱ्यावर हाताची थाप मारली. “वर माणूस उभा राहिला तरी वाकणार न्हाई.”

परसात, पत्र्याच्या सावलीत, तो हिरवा पिंजरा ठेवलेला होता. चार पाय, वर झाकण, पुढे कडी, खाली घाण काढायला सरकता ट्रे. रंगाचा वास अजून गेला नव्हता. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि पिंजऱ्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, “किती सुबक केलाय गं. बघ ना.”

“भुऱ्याला खोकंच बरं होतं,” मी म्हणाले.

“खोक्याला त्यानं कुरतडून भोकं पाडलीत.”

“त्याला आवडतं ते.”

“शलाका,” आई म्हणाली, “थँक्यू म्हण.”

“थँक्यू,” मी पिंजऱ्याकडे बघून म्हणाले.

लोहारांनी भुऱ्याला उचलून आत सोडलं. तो जाळीवर चार पाय फाकवून तसाच बसून राहिला. पुढे पाऊल टाकावं की नाही हे त्याला कळत नव्हतं. “होईल सवय,” लोहार म्हणाले.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते, आठवीत. आम्ही कऱ्हाडला राहत होतो. आई एका खाजगी प्रसूतिगृहात नर्स होती. तिचा आणि बाबांचा घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली होती आणि त्या मे महिन्यात तिने रंगनाथ लोहारांशी लग्न केलं होतं. त्यांचं ओगलेवाडी रस्त्यावर ग्रिलचं वर्कशॉप होतं. पहिली बायको वारलेली, मूलबाळ नाही. हाताला कायम लोखंडाचा वास, बोलणं थोडं आणि जाडंभरडं. मी त्यांचा उल्लेख मनातसुद्धा आडनावानेच करायची. त्यांच्या घरात मला माझं म्हणावं असं फक्त भुऱ्या होता. बाबांनी तो माझ्या बाराव्या वाढदिवसाला सांगलीहून बसने आणला होता, मांडीवर टोपली धरून.

दीड महिन्याने भुऱ्या लंगडायला लागला. मी त्याला उताणं धरून बघितलं तर मागच्या दोन्ही पायांच्या तळव्यांवरचे केस गेले होते. खालची कातडी लालभडक झाली होती आणि डाव्या टाचेवर पावलीएवढी जखम होती, कडेने खपली धरलेली. मला रडू आलं, हे खरं. पण त्याच्या मागोमाग दुसरंही काहीतरी वाटलं आणि तेही लपवत नाही. मला वाटलं, आता लोहार सापडले.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. मुजावर डॉक्टर एका म्हशीला तपासून हात धूत होते. त्यांनी भुऱ्याचे पाय दिव्याखाली धरले आणि पहिला प्रश्न विचारला, “ठेवता कशावर?”

“तारेच्या जाळीवर,” आई काही बोलायच्या आत मी म्हणाले. “ह्यांनी केलीय.”

“हं. कुत्र्यामांजराच्या पायाला खाली गादी असते. सशाला नसते, नुसते केस असतात. सगळा भार त्या टाचांवर. तार रोज थोडी थोडी कापते. अजून आत गेली नाहीये जखम. हाडाला लागली की मग पाय वाचत नाही.”

लोहारांचा चेहरा उतरला. “मला वाटलं स्वच्छ राहील,” ते म्हणाले. “कोंबड्यांना तशीच करून देतो आम्ही. मग फरशी टाकू का? गुळगुळीत हाय, पुसली की झालं.”

“फरशीवर घसरतो तो. मागचे पाय फाकतात, खुब्यातून निखळतात. रबर टाकलंत तर कुरतडून खाईल आणि आतड्यात अडकेल. गोणपाटाचे दोरे नखात गुंततात. पाय रुतायला नको आणि घसरायलाही नको, ओल धरायला नको, आणि खाल्लं तरी बाधायला नको.” डॉक्टर हसले. “सोपी परीक्षा सांगतो. त्याच्यावर स्वतः उघड्या गुडघ्यांनी पाच मिनिटं बसा. तुम्हाला बसवलं तर सशाला ठेवा.”

मलम घेऊन आम्ही निघालो. दाराशी लोहार आईला म्हणाले, “माझं चुकलं. मी उद्याच बदलतो.” आईने त्यांच्या दंडाला हात लावला. म्हणजे झालं, तिच्या लेखी विषय संपला. मी मागून भुऱ्याची टोपली घेऊन चालत होते. तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

एक रविवार सोडून एक रविवार बाबा सांगलीहून मला भेटायला यायचे. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही डोसा खायचो. त्या रविवारी मी त्यांना सगळं सांगितलं. बाबा विमा कंपनीत होते. अपघाताच्या दाव्यांसाठी त्यांच्या बॅगेत कॅमेरा असायचा. घरी कुणी नव्हतं तेव्हा ते परसात आले, मी भुऱ्याला उलटा धरला आणि त्यांनी पाच-सहा फोटो काढले.

“जनावराशी असं वागणारा माणूस तुझ्याशी कसा वागेल?” ते म्हणाले. “मी ताब्याचा अर्ज टाकलाय, शलाका. चौदा डिसेंबरला तारीख आहे. न्यायाधीश तुला बोलावून विचारतील. तुला यायचंय ना सांगलीला?”

“यायचंय.”

“मग हे असंच दिसलं पाहिजे. कदाचित कोर्ट डॉक्टरांना पुन्हा तपासायला सांगेल. तोवर भरून आलं तर आपण काय दाखवणार?”

एवढंच ते म्हणाले. कॅमेरा बॅगेत ठेवला आणि पावणेपाचच्या गाडीने गेले.

लोहारांनी बोलल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी बाजारातून शिंदीच्या पानांची चटई आणली होती. पिंजऱ्याच्या मापाने ती कापून, कडा शिवून, दुहेरी करून त्यांनी जाळीवर अंथरली. वर वाळलं गवत. भुऱ्या तिच्यावर अंग टाकून लोळला तेव्हा आईला हसू आलं. चटई धुवायला निघावी म्हणून त्यांनी ती बांधली नव्हती, सुटीच ठेवली होती.

आमच्या घराचं वेळापत्रक असं होतं. आई आठला ड्यूटीवर जायची, लोहार नऊला वर्कशॉपला. माझी शाळा अकराची, म्हणजे सगळ्यात शेवटी मी बाहेर पडायची. साडेपाचला मी परत, साडेसहाला आई, आठला लोहार.

बाबा भेटून गेल्यानंतरच्या मंगळवारी, पावणेअकरा वाजता, मी भुऱ्याला एका हाताने उचललं आणि दुसऱ्या हाताने चटई ओढून काढली. गवत ट्रेमध्ये झाडलं. चटई गुंडाळून न्हाणीवरच्या माळ्यावर, जुन्या बंबामागे ठेवली. भुऱ्याला परत जाळीवर सोडला. तो पुन्हा पहिल्या दिवसासारखा चारी पाय फाकवून बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. निदान मला तसं वाटलं. मी दप्तर उचललं आणि गेले. साडेपाचला आल्याबरोबर चटई पुन्हा अंथरली, वर गवत पसरलं.

दुसऱ्या दिवशी हे सोपं गेलं. आठवड्याने त्याचं काहीच वाटेनासं झालं. मी स्वतःला सांगायची, थोडेच दिवस, मग सांगलीला मी त्याला जमिनीवर मोकळा ठेवीन, अंगणात. आई रोज जेवणानंतर कोमट पाण्याने त्याचे पाय पुसून मलम लावायची. नर्स असल्यामुळे तिला जखमा कळायच्या, आणि ही का भरत नाही हे कळत नव्हतं. “ओलसर राहतेय का चटई?” ती लोहारांना विचारायची. ते चटई हातात घेऊन बघायचे. “कोरडी हाय की,” म्हणायचे. तिने मुजावर डॉक्टरांना दुसरं मलम विचारून आणलं. एकदा ती थोड्या कडक आवाजात म्हणाली, “अहो, खरंच ती जाळी काढून टाका.” तेव्हा लोहार म्हणाले, “काढतो. वर्कशॉपला घाईचं काम हाय, ह्या आठवड्यात काढतो.” मला वाटलं, बघ, आता तीसुद्धा चिडायला लागली.

मग नोव्हेंबरच्या शेवटी जखम भरायला लागली.

मला ते समजेना. मी तर रोज चटई काढत होते. उजव्या तळव्यावर बारीक लव आली. डाव्या टाचेची खपली सुकून कडेने सुटायला लागली. आई खूश झाली. मी मात्र रोज संध्याकाळी त्याचा पाय दिव्याशी धरून खपली अजून आहे ना हे बघायची. एका सकाळी मी चटई दहालाच काढली, पाऊण तास आधी.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या संस्थेचे कुणी जुने पदाधिकारी वारले आणि शाळा दुसऱ्या तासाला सुटली. मी एकच्या सुमाराला घरी आले तर दारात लोहारांची लूना उभी होती. मी बोळातून सरळ परसात गेले.

ते पिंजऱ्यासमोर उकिडवे बसले होते. भुऱ्या त्यांच्या छातीशी होता, मागचे पाय त्यांच्या तळहातावर. करंगळीने ते मलम लावत होते. पिंजऱ्यात चटई अंथरलेली होती.

“तुम्ही इथे काय करताय?” मी विचारलं.

त्यांनी वळून पाहिलं नाही. “तू केलेलं निस्तरतोय.”

“मी काय केलं?”

“बंबाच्या मागं ठेवतीस. गुंडाळून.” त्यांनी भुऱ्याला चटईवर सोडला आणि कडी लावली. “एकदा मोजपट्टी राहिली म्हणून दुपारचा आलो होतो. बघितलं, चटई न्हाई. मला वाटलं धुवायला काढली असशील. घरभर हुडकली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम आलो, तर परत न्हाई.”

“किती दिवस झाले?”

“पंधराएक दिवस असतील. जेवणाच्या सुट्टीत येतो, घालतो. पाचला येऊन काढून परत तिथंच ठेवतो. मग तू येऊन घालतीस.”

मला आधी राग आला तो ह्याचा, की मी रोज संध्याकाळी चोरासारखी ती चटई अंथरत होते आणि ह्या माणसाला ते माहीत होतं. “आईला का नाही सांगितलंत?”

“सांगून काय झालं असतं? तू न्हाई म्हणाली असतीस.”

“म्हणालेच असते.”

“मग तिला आपल्या दोघांतल्या एकाला खोटं म्हणावं लागलं असतं.” ते उठले. त्यांचे गुडघे वाजले. “तिनं एकदा घर मोडलेलं बघितलंय. वाटलं, कंटाळून सोडशील. न्हाई सोडलंस.”

“म्हणजे माझ्यावर उपकार केलेत.”

“तुझ्यासाठी न्हाई केलं.” ते अगदी सावकाश बोलत होते, लोखंडाचं माप सांगावं तसं. “खरं सांगू का, तू मला आवडत न्हाईस. आवडावीस म्हणून सहा महिनं लई केलं. आता न्हाई जमत. सशासाठी केलं. कोर्टाची नोटीस मी बी वाचलीय, पण त्याला तुझं कोर्ट कळत न्हाई, त्याला पाय तेवढे कळतात.”

मोठं माणूस असं तोंडावर बोलू शकतं हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे बोलायला होतं तेवढं सगळं मी फेकून मारलं. “तुमच्याच पिंजऱ्यामुळे झालं ते. तुम्हीच केली ना जाळी? डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले.”

“व्हय,” लोहार म्हणाले. “पहिल्यांदा माझ्याच हातनं झालं. मला ठाऊक न्हवतं.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुला ठाऊक हाय.”

ते लूनाला किक मारून निघून गेले.

मला वाटलं ते आईला आणायला गेले. मी तिथेच पायरीवर बसून राहिले. पण अर्ध्या तासाने ते परत आले. मागे कॅरिअरला फळ्या बांधलेल्या आणि हातात लोखंड कापायची करवत. माझ्याकडे न बघता त्यांनी भुऱ्याला टोपलीत ठेवला, पिंजरा आडवा केला आणि खालची जाळी कापायला घेतली. कर्र कर्र आवाज बराच वेळ चालला. जाळीचा अख्खा चौकोन निघाला तेव्हा तो त्यांनी फरशीवर टाकला.

“आता चटई काढलीस तरी खाली लाकूडच हाय,” ते म्हणाले. “तार न्हाई.”

ते फळ्या घासायला लागले. मी उठले, त्या जाळीपाशी गेले आणि स्कर्ट वर सारून उघड्या गुडघ्यांनी तिच्यावर बसले. मला कुणी सांगितलं नव्हतं. का बसले तेही त्या वेळी सांगता आलं नसतं. पहिले काही क्षण नुसतं टोचलं. मग तारा हाडापर्यंत पोचल्यासारख्या वाटायला लागल्या. भार ह्या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर टाकला की दुसरा जास्त दुखायचा. पळता येईल अशी जागाच नव्हती. ओरडायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“पुरे,” लोहार म्हणाले.

मी उठले नाही. ते फळ्या घासत राहिले. मी मनात तीनशेपर्यंत आकडे मोजायचे ठरवले होते. दोनशे दहाला उठले. गुडघ्यांवर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटले होते आणि दोन ठिकाणी रक्त आलं होतं. तो तिथे सकाळपासून दुपारपर्यंत बसायचा, आणि लोहार दुपारचे यायला लागायच्या आधी संध्याकाळपर्यंत.

त्यानंतर आम्ही दोघांनी पिंजऱ्याचा तळ केला. बोललो ते फक्त कामाचं.

“नुसतं लाकूड चालेल?” मी विचारलं.

“ओलं झालं की घसरंल. हात फिरवून बघ.” त्यांनी फळीवर पाणी शिंपडलं. माझा हात सर्रकन गेला.

“मग खाचा पाडायच्या?”

“खाचेत मूत साचंल. वर चटईच पाहिजे, पण ही पातळ पडतीय. दोन न्हाई, तीन पदर करू.” त्यांनी उरलेल्या चटईचा तुकडा फेकला. “बस त्याच्यावर. गुडघं तसेही सोललेत, तुला लगेच कळंल.”

मी बसले. टोचत नव्हतं. पण मधे एक शिवण होती, ती लागत होती. “शिवण कडेला घ्या,” मी म्हणाले. त्यांनी पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते स्वतः बसून बघायला लागले. मान हलवली. शिवण उसवून कडेला घेतली. मी कात्रीने सुटे धागे छाटले. भुऱ्याने टोपलीच्या कडेवर पुढचे पाय ठेवून आमच्याकडे बघितलं. आम्ही काही त्याला हसलो नाही.

“आईला काय सांगायचं?” काम संपल्यावर मी विचारलं.

“जाळी काढायला सांगितली हुती, काढली. एवढं मी सांगतो. बाकीचं तुझं तू बघ.”

चौदा तारखेच्या आधीच्या रविवारी बाबा आले. डोसा यायच्या आधीच मी म्हणाले, “बाबा, चटई मीच काढत होते. त्यांनी लगेच अंथरली होती. जखम राहावी म्हणून मी रोज काढायची.”

बाबांनी आजूबाजूच्या टेबलांकडे नजर टाकली. “कुणाला बोललीस हे?”

“त्यांना माहीत आहे.”

“त्याच्या बोलण्याला काय अर्थ आहे, तो म्हणणारच. तू बोलायचं नाहीस. न्यायाधीशांनी विचारलं तर ससा जाळीवर होता आणि पाय फाटले, एवढंच. त्यात खोटं काही नाही.”

“पण मी काढत होते.”

“तू लहान आहेस, तुला ह्यातलं कळत नाही.”

“बाबा, त्याला दुखत होतं. मी स्वतः बसून बघितलं.”

“शलाका, तो ससा आहे,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज वैतागलेला होता, जसा पूर्वी आईशी बोलताना असायचा. “वाटलं तर सांगलीला दुसरा आणू. पांढरा.”

डोसा आला. मी खाल्ला. बाबांनी मला न्यायाधीशांपुढे काय बोलायचं ते दोनदा म्हणायला लावलं आणि मी दोन्ही वेळा बरोबर म्हणाले.

चौदा तारखेला न्यायाधीशांनी मला एकटीला त्यांच्या खोलीत बोलावलं. वयस्कर गृहस्थ होते, चष्मा कपाळावर चढवलेला. टेबलावर बाबांनी काढलेले फोटो होते. त्यांनी मला पाणी दिलं, शाळेचं विचारलं, मग एक फोटो माझ्याकडे सरकवला. “हे कसं झालं?”

मी म्हणाले, “आधी जाळीमुळे झालं. ते त्यांना माहीत नव्हतं. नंतरचं माझ्यामुळे.” आणि सगळं सांगितलं. पावणेअकरा, बंब, दहा वाजताची ती सकाळ, सगळं.

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. मग म्हणाले, “हे करायला तुला कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही. भरून आलं तर काय दाखवणार, एवढंच बाबा म्हणाले होते.”

त्यांनी ते लिहून घेतलं. मला खरं म्हणजे ते वाक्य परत घ्यायचं होतं. पण ते लिहून झालं होतं.

बाबांना दुपारी वकिलाकडून कळलं असावं. कोर्टाच्या जिन्यावर त्यांनी मला गाठलं. आई वरच्या मजल्यावर कागदावर सही करत होती. “झालं समाधान?” ते म्हणाले. “स्वतःच्या बापाला खोटं पाडलंस. आता राहा त्या लोहाराकडे.” बॅग खांद्यावर टाकून ते उतरून गेले. पुढच्या महिन्यात अर्ज नामंजूर झाला. बाबा आणखी दोन रविवार आले, मग यायचे थांबले. मी पत्रं लिहिली. त्यांनी माझ्या लग्नाला अहेर पाठवला, पोस्टाने. भुऱ्या मात्र त्या चटईवर आणखी चार वर्षं जगला. डाव्या पायाने शेवटपर्यंत जरा ओढून चालायचा.

चौदा तारखेच्या संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती पिठलं वाढत होती, लोहार पाटावर बसले होते. कोर्टात बोलले होते त्याच क्रमाने बोलले. आईचा हात पातेल्यावर तसाच राहिला. मला वाटलं ती मारेल. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती लोहारांकडे बघत होती.

“तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय.”

“किती दिवस?”

त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

“मी रोज त्याचे पाय धूत होते,” आई म्हणाली. “डॉक्टरांना दोनदा जाऊन विचारलं, माझं काय चुकतंय. मला वाटायचं माझ्याच हाताला गुण नाही. आणि तुम्ही दोघं चटई काढत होता आणि घालत होता आणि माझ्यासमोर बसून जेवत होता.”

तिने पातेलं खाली ठेवलं, आत गेली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर ती आमच्याशी बोलली नाही. ड्यूटीवर जायची, यायची, भुऱ्याला मलम लावायची, स्वतःपुरतं काहीतरी खायची आणि आतल्या खोलीत जाऊन पडायची. स्वयंपाकाला हात लावला नाही. मग तो आमच्यावर आला. लोहारांना भाकरी येत होती, पण भाजी येत नव्हती. मला भात येत होता, तोही कच्चा राहायचा. त्या दिवसांत आम्ही एकमेकांशी जेवढं बोललो तेवढं आधीच्या सहा महिन्यांत बोललो नव्हतो, आणि त्यात एकही गोड शब्द नव्हता. डाळ कुठल्या डब्यात, मला काय विचारता, हिंग किती टाकलंस, तुम्ही बघत होता ना मग तेव्हा बोलायचं. एकदा त्यांनी चिडून पळी आपटली. एकदा मी ताट तसंच टाकून उठले आणि भूक लागली म्हणून परत येऊन बसले. त्यांनी ते झाकून ठेवलं होतं. पण माशा बसतात म्हणून झाकलं, असं त्यांनी लगेच सांगितलं.

नवव्या दिवशी आई नेहमीपेक्षा लवकर आली. आम्ही दोघं शेगडीपुढे उभे होतो आणि आमटीत आधी चिंच की आधी गूळ ह्यावर आमचं जुंपलं होतं. ती दारात उभी राहून ऐकत होती. केव्हापासून, कोण जाणे.

“मी बोलत नाही म्हणून तुम्हा दोघांचं आता जमलंय की काय?” ती म्हणाली.

“नाही,” मी म्हणाले.

“न्हाई,” लोहार म्हणाले.

आईने पर्स खुंटीला अडकवली आणि पदर खोचला.

“मग सरका दोघंही,” ती म्हणाली. “खाली लागतेय ती.”